धुऱ्यावरची तूर

गोरेगावात राहतो म्हटलं की मुंबईकर लगेच विचारतो, "ईस्ट की वेस्ट?" मी म्हणतो, ईस्टच. फक्त विदर्भ एक्सप्रेसनं शेवटच्या स्टेशनापर्यंत, म्हणजे गोंदियापर्यंत यायचं आणि तिथून कोहमाऱ्याच्या रस्त्याला लागायचं. हजारेक किलोमीटर ईस्ट. हे अंतर कुरिअरवाल्यांना अजून पटलेलं नाही. त्यामुळे माझ्या रंगांच्या पुड्या आधी फिल्मसिटीची हवा खातात आणि मग सवडीनं आमच्या जिल्ह्यात शिरतात.

पण रंगांवाचून फार अडत नाही. माझं खरं भांडवल म्हणजे मेण, आणि ते इकडच्या जंगलात झाडाझाडाला लटकलेलं असतं. मी एन्कॉस्टिक पद्धतीनं निसर्गचित्रं काढतो. मोहोळाचं मेण पातळ करायचं, आठेक भाग मेणाला एक भाग डामर राळ घालायची, रंगाची पूड कालवायची आणि गरम असतानाच लाकडी फळीवर चढवायचं. मग प्रत्येक थराला पुन्हा आच देऊन तो खालच्या थराशी एकजीव करायचा. इजिप्तमध्ये फय्यूमच्या परिसरात इसवी सनाच्या पहिल्या ते तिसऱ्या शतकात माणसांचे चेहरे असे मेणात रंगवून ममीवर बसवत. ते आजही टवटवीत दिसतात. जॅस्पर जॉन्सनं १९५४-५५ मध्ये मेणात अमेरिकेचा झेंडा रंगवला आणि तो न्यूयॉर्कच्या म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टमध्ये जाऊन बसला. आपल्याकडे बडोद्यात शिकलेल्या शांती दवे यांनी हे माध्यम हाताळलं. एवढं सगळं सांगून मी दम घेतला की समोरचा आदरानं विचारतो, "मंग गाडीची नंबर प्लेट लिहून देता का जी?"

माझा स्टुडिओ म्हणजे परसातली पत्र्याची खोली. पूर्वी तिथं धानाची पोती असत. उंदीर अजून जुन्या पत्त्यावरच येतात. मधोमध विजेची शेगडी, तिच्यावर मोठा तवा आणि तव्यावर रंगांच्या वाट्या. तवा मूळचा स्वयंपाकघरातला. निळ्या रंगाची पहिली वाटी त्यावर बसली त्या दिवशी आमच्या सौभाग्यवतींनी तो माझ्या नावे करून दिला आणि स्वतःसाठी नवा आणला. बाईंच्या मते आमच्या घरात चित्रकलेनं झालेली ही एकमेव प्रगती. वितळत्या मेणाला मधाचा वास सुटतो. त्या वासावर पहिल्यांदा मधमाश्या येतात, आपला माल ओळखतात आणि नाराज होऊन जातात. त्यांच्या मागोमाग शेजारी येतात. "का तरून रायले जी?" तळणीचं काही नाही हे कळल्यावर तेही नाराज होऊन जातात.

मेण बासष्ट-चौसष्ट अंशांना वितळतं. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, म्हणजे निम्म्याहून जास्त काम सूर्यनारायण फुकट करून देतो. पण तो काम संपल्यावर थांबत नाही. पत्र्याखाली ठेवलेलं चित्र इतकं मऊ पडतं, की भिंतीला टेकवलेल्या आभाळानं शेतात उतरायची तयारी केलेली असते. डिसेंबरात याच्या उलट. विदर्भातल्या नीचांकी तापमानाच्या बातमीत गोंदियाचं नाव बरेचदा असतंच; वाटीतून निघालेला ब्रश फळीपर्यंत पोचायच्या आत थिजून खुंटी होतो. राहिला पावसाळा. हवा मेणाला मानवणारी, शेतं हिरवीगार, सगळं जुळून येतं. आणि वीज जाते.

निसर्गचित्रकारानं निसर्गात बसावं अशी अपेक्षा असते. मेणवाल्यानं बसायचं तर शेगडीचा प्लग कुठं लावायचा? एकदा बांधीच्या, म्हणजे धानाच्या शेताच्या, कडेला पेन्सिल घेऊन रेखाटन करत होतो. माझी ही अडचण ऐकून एका शेतकऱ्यानं वरच्या तारांकडे पाहत विचारलं, "गुरुजी, आकडा टाकून देऊ का?" शासनमान्य नसला तरी कलेला मिळालेला तो पहिला आश्रय होता. मी नम्रपणे नाकारला.

चित्र पुरं झालं की खरी परीक्षा सुरू होते. शहरातल्या प्रदर्शनात लोक डोळे बारीक करून "पोत छान आहे" म्हणतात आणि चहाकडे वळतात. आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, "ही बांधी कोनाची?" दुसरा, "सातबारा कोनाच्या नावावर हाय?" मग चर्चा रंगते. पाणी जास्त साचलंय, पऱ्हे पिवळे पडतील. रोवणी वाकडी झाली, मजूर नवीन दिसते. मामा (माजी मालगुजारी) तलावात इतकं पाणी असतं तर आम्हाला कशाला मिळालं नसतं? एकदा चित्रात सारसाची जोडी घातली. राज्यात सारस उरला आहे तो मुख्यतः आमच्याच जिल्ह्यात, त्यामुळे अभिमानाचे दोन शब्द कानी येतील म्हणून थांबलो. एक म्हातारबा म्हणाले, "याच्या पायाखाली धान मोडला, त्याची भरपाई कोन देते?"

सगळ्यात कठोर समीक्षा मात्र तुरीवरून झाली. आमच्याकडे बांधीत धान आणि धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, तूर, ही जोडी ठरलेली. माझ्या चित्रातला धुरा मोकळा होता. "गुरुजी, धुऱ्यावर तूर कोठी हाय?" मी म्हटलं, "कलेत काही गोष्टी गाळाव्या लागतात." विचारणारा म्हणाला, "तूर गाळली तर वरन कशाचं करता?" यावर सौंदर्यशास्त्रात उत्तर नाही. मी तवा तापवला आणि तूर पेरली. हिरव्यागार पसाऱ्याला त्या पिवळ्या ठिपक्यांनी कड मिळाली आणि चित्र सुधारलं.

तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. शेताचं चित्र आधी शेतकऱ्याला दाखवावं, समीक्षकाचा नंबर नंतर. चित्रातल्या चिखलात पाय घालायची ज्याची तयारी आहे, त्यालाच त्यातलं खोटं दिसतं. एवढी कसून पारख होऊनही माझं चित्र विकत घ्यायला गावातून अजून कुणी आलेलं नाही. चित्रातलं शेत विकायचं आहे का, अशी चौकशी मात्र अधूनमधून होत असते.