अडचण नसलेले आण्णा

आण्णांना आयुष्यात कधी अडचण आलेली नाही. निदान कागलात तशी कुणाकडे नोंद नाही. एका उन्हाळ्यात उभा ऊस जळाला तेव्हा त्यांनी "रान जरा मोकळं करून घेतलं" असं सांगितलं. थोरल्याची पंचतारांकित एमआयडीसीतली नोकरी गेली तेव्हा "त्येला आता धंद्यात घालतोय" म्हणाले. गुडघ्याचं ऑपरेशन झालं त्या पंधरवड्यात त्यांची "कोल्हापुरात कामं होती". गैबी चौकात कुणी "काय आण्णा, कसं काय?" म्हटलं की उत्तर ठरलेलं असतं : "आमाला काय धाड भरलीया?"

अशा माणसाला 'मला अडचण आहे' असं स्वतःच्या सहीनं, तीन प्रतींत लिहून द्यायची वेळ आली.

वडिलार्जित प्लॉट सव्वादोन गुंठ्यांचा. एका अंगाला रस्ता तिरका गेल्यामुळे त्याला चौकोन म्हणायचं ते केवळ मोठ्या मनानं. आई वरच्या मजल्यावर राहते, वय नव्वदीला टेकलेलं. तिच्यासाठी खाली एक खोली आणि संडास-बाथरूम काढायचं होतं. खोली बसत होती, पण तिरक्या टोकाला साइड मार्जिन नियमाच्या निम्मंच उरत होतं.

"आण्णा, बांधून टाका की परस्पर. कोण बघतंय?" असा सल्ला कागलात फुकट आणि भरपूर मिळतो. आण्णांनी तो मानला नाही. त्याचं कारण कायद्यावरची श्रद्धा असं ते सांगतात. खरं कारण भिंतीपलीकडे राहतं. चुलतभाऊ. पहिली वीट बसायच्या आत त्याचा तक्रारअर्ज पोचला असता आणि 1966 च्या नगररचना कायद्यातल्या कलम 53 ची नोटीस दारावर लागली असती. दारावर नोटीस म्हणजे अख्ख्या गल्लीला वाचनालय.

इंजिनिअर तरुण आणि सोशिक. त्यानं समजावलं, "आण्णा, मुंबई सोडून जवळजवळ सगळ्या राज्याला 2020 च्या डिसेंबरपासून एकच बांधकाम नियमावली हाय. दीडशे चौरस मीटरच्या आतला प्लॉट असता आणि नियमात बांधलं असतं, तर परवानगीची फारशी कटकटच नव्हती."

"म्हंजे आमची जागा जास्त हाय, ही चूक झाली म्हणा की!" आण्णांचा चेहरा उजळला. पुढचे दोन दिवस भेटेल त्याला ते हेच सांगत होते.

खरी गोम पुढे होती. त्याच नियमावलीत एक दार किलकिलं ठेवलंय : एखाद्या प्रकरणात उघडपणे दाखवून देता येईल अशी अडचण असेल, तर मोजमापात सवलत देता येते. त्या सवलतीनं आरोग्याला, आगीपासूनच्या बचावाला, इमारतीच्या मजबुतीला किंवा शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या सुरक्षिततेला बाधा येता कामा नये. आणि देताना प्रीमियम भरायची अटही घालता येते. एकूण काय, अडचण दाखवायची आणि वर ती परवडते हेही दाखवायचं.

माझं अक्षर बरं म्हणून मसुदा माझ्याकडे आला. मी लिहिलं, "अर्जदार अत्यंत अडचणीत असून..." आण्णांनी पेन काढून घेतलं. "हे खोडा. उद्या ही फाईल टेबलावर उघडी पडली, कुणीतरी वाचली, संध्याकाळी यष्टी स्टँडवर गेली. आमी अडचणीत?"

मग त्यांनी स्वतः सांगितलं आणि मी उतरवून घेतलं. अर्जदाराचा ऊस शाहू कारखान्याला जातो, अर्जदाराच्या गोठ्यात चार म्हशी आहेत, ट्रॅक्टरचं कर्ज फिटलेलं आहे, अर्जदारावर कोणत्याही सोसायटीची थकबाकी नाही. सबब मार्जिनमध्ये सवलत मिळावी. तो अर्ज वाचून कुणीही डोळे झाकून मुलगी दिली असती. सवलत मात्र दिली नसती.

"अवो, आत्तींस्नी जिना चढवंना म्हणून लिवा की सरळ," आतून काकी म्हणाल्या. आण्णांनी ऐकलं नाही, पण इंजिनिअरनं ऐकलं आणि ते वाक्य हळूच नकाशासोबतच्या पत्रात घातलं.

कागल ही राजकारणाची पंढरी. सदाशिवराव मंडलिक आणि विक्रमसिंह घाटगे यांच्या काळापासून इथे चहाच्या टपरीलाही गट असतो. त्यामुळे अर्ज कशासाठी केला हे कुणी विचारलं नाही. कुणाच्या तर्फे केला, एवढंच विचारलं. आण्णा गूढ हसत राहिले. खरं तर ते रांगेत उभं राहून पोच घेऊन आले होते, पण तेही सांगण्यासारखं नव्हतं. मधे कुणीतरी त्यांच्या कानात भरवलं की साठ दिवसांत उत्तर आलं नाही तर परवानगी मिळाली असंच धरतात. आण्णा कॅलेंडरवर फुल्या मारायला लागले. इंजिनिअरनं कपाळाला हात लावला. "आण्णा, ते नियमात तंतोतंत बसणाऱ्या नकाशाला. आपण तर नियमात बसत न्हाई म्हणूनच अर्ज केलाय."

मग पाहणीचा दिवस आला. अभियंता साहेब आले, टेप लावली, तिरकं टोक मोजलं. नंतर सहज विचारलं, "आजींना वरून खाली यायला त्रास होतो ना?"

म्हातारीनं वरून ऐकलं. "कुनाला तरास?" पुढच्या मिनिटाला ती पदर खोचून, कठड्याला हात न लावता, जिना उतरून अंगणात हजर. "मला लंगडी म्हून लिवलंय व्हय रं अर्जात? माझ्या पायाला काय झालंया?" आणि उतरली तशी परत चढून गेली.

आण्णांच्या चेहऱ्यावर त्या क्षणी जो अभिमान होता तो मी त्यांच्या पोराच्या लग्नातही पाहिला नव्हता. ते साहेबांना म्हणाले, "बगा! नव्वदीत!" इंजिनिअर पायरीवर बसला.

साहेब समजूतदार निघाले. माणसांना अडचण नाही हे त्यांनी मान्यच करून टाकलं आणि बोट जमिनीकडे वळवलं. "आण्णा, हा प्लॉट तरी वाकडा आहे ना?" यावर आण्णांना हरकत नव्हती. अडचण प्लॉटला असेल तर असेल, आपल्याला काय! नवा अर्ज दहा ओळींत झाला : भूखंडाचा आकार अनियमित असल्याने भूखंडास अडचण होत आहे. मोजणीचा नकाशा जोडला, मालमत्ता पत्रक जोडलं, फाईल पुढे सरकली आणि बऱ्याच दिवसांनी सवलत मंजूर झाली. प्रीमियमसह.

त्या आकड्यावर आण्णा कुरकुरतील असं मला वाटलं होतं. त्यांनी पावतीची झेरॉक्स काढून खिशात ठेवली. चौकात आकडा दर आठवड्याला थोडा वाढत गेला. "एवढा प्रीमियम कागलात कुणी भरला न्हाई," हे वाक्य त्यांनी इतक्यांदा ऐकवलं की भिंतीपलीकडच्या चुलतभावाला राहवेना. त्याचाही प्लॉट त्याच रस्त्यानं कापलेला. त्यानंही सवलतीचा अर्ज टाकला.

परवा आण्णा पुन्हा माझ्याकडे आले, हातात कोरा कागद. हरकत नोंदवायची होती. या वेळी मसुदा त्यांच्या तोंडात तयार होता, एक शब्द खोडावा लागला नाही : "सदर अर्जदार माझे सख्खे चुलतबंधू असून मी त्यांना जन्मापासून ओळखतो. आमच्या घराण्यात आजवर कुणालाही कसलीही अडचण आलेली नाही."