मान डोलवण्यापुरते राज्य

अमेरिकेत 34 राज्यांच्या विधिमंडळांनी मागणी केली, तर घटनादुरुस्तीसाठी अधिवेशन बोलवावेच लागते. 1787 नंतर असे एकही भरले नाही; ते भरेल या धास्तीवर वाद मात्र जोरात.

आपल्याकडे ती भानगडच नाही. कलम 368 प्रमाणे विधेयक मांडायचे ते संसदेतच. काही विषयांत निम्म्या राज्यांनी मान डोलावली की झाले. जीएसटीसाठी महाराष्ट्राने ऑगस्ट 2016मध्ये खास अधिवेशन भरवून ती डोलावली.

राज्याची ही गत, मग ग्रामसभेची? ठाणे जिल्ह्यातला शहापूर तालुका घटनेच्या पाचव्या अनुसूचीतला, आदिवासी क्षेत्रातला, म्हणजे पेसा कायद्याने ग्रामसभेला केवढा मान! भातसा, तानसा ही धरणे इथे, पाणी मुंबईला. उन्हाळ्यात रिकामे हंडे रांगेत लावून बाया टँकरची वाट बघतात. ग्रामसभा एकमताने टँकरची आणखी एक खेप मागते. खेपांच्या या दुरुस्तीला मात्र एकमतही पुरत नाही.