बटण कुठे गेलं?

माझ्या ब्राउझरला कायमचा हुकूम आहे : कुणीही, कुठल्याही भाषेत काहीही लिहो, मला ते मराठीतच दाखव. तो आज्ञाधारक आहे, फक्त जरा उशिरा ऐकतो. पान आधी इंग्रजीत उघडतं. मी ‘बुक’च्या बटणाकडे बोट नेतो, तेवढ्यात वरच्या तीन ओळी मराठीत येऊन पाच होतात, सगळं पान खाली घसरतं आणि बोटाखाली ‘रद्द करा’ हजर होतं.

हे हलणं मोजायचं मापही आहे. गूगलने आणलेलं : क्युम्युलेटिव्ह लेआउट शिफ्ट. पडद्याचा केवढा भाग हलला आणि किती लांब सरकला, यांच्या गुणाकारावर बेतलेलं. 0.1 पर्यंत चांगलं, 0.25च्या पुढे वाईट. त्यात एक गंमत आहे. आपण टॅप केल्यानंतरच्या 500 मिलिसेकंदांत जे हलतं ते हिशेबात धरत नाहीत. ते आपल्यामुळेच हललं असं समजतात. ज्याचा हात शेवटी लागला, दोष त्याचा. आमच्या घरात मिक्सर बिघडला की हाच नियम लागतो.

बरं, मराठीला जागा लागते ती आडवी आणि उभी, दोन्ही. चार इंग्रजी अक्षरांसाठी बेतलेल्या बटणात ती लोकलमधल्या चौथ्या सीटवाल्यासारखी बसते : अर्धी आत, अर्धी वाऱ्यावर. त्यात वर वेलांट्या आणि रफार, खाली उकार. चौकटीची उंची कुणी पक्की ठोकून ठेवली असेल, तर कुलकर्ण्यांचा ‘कलकणा’ व्हायला वेळ लागत नाही. मी स्वतः कुलकर्णी नाही, म्हणून हसू येतं.

चित्रंही सुटत नाहीत. काही आयकॉन-फॉन्टमध्ये भिंगाच्या जागी खरं तर ‘सर्च’ हा शब्द लिहिलेला असतो. फॉन्ट त्याचं चित्र करतो. ब्राउझर त्या शब्दाचंही इमानेइतबारे मराठी करतो आणि भिंग जाऊन तिथे लांबलचक अक्षरं उगवतात, शेजारच्या बटणाला कोपर मारत.

परवा तर अख्खं पानच पांढरं झालं. भाचा हिंजवडीत वेबसाइटी बनवतो, त्याला फोन लावला.

“मामा, ट्रान्सलेट चालू आहे ना?” त्याने न बघताच निदान केलं. ब्राउझर म्हणे पानातला मजकूर उचलून नवा मजकूर फॉन्ट टॅगमध्ये गुंडाळून ठेवतो. हा फॉन्ट टॅग 1997च्या एचटीएमएल 4.0 मध्येच मोडीत काढायचं ठरलं होतं. मराठीसाठी अजून ड्यूटीवर आहे, हे ऐकून मला त्याच्याबद्दल आदर वाटला. पण पान रिॲक्ट नावाच्या साधनाने बांधलेलं असेल, तर रिॲक्ट आपण ठेवलेला मजकूर जुन्या जागी शोधायला येतं. तो तिथे नसतो. मग शांतपणे विचारपूस करण्याऐवजी ते चिडून सगळा संसारच गुंडाळतं.

“मग तुम्ही यावर काही करत का नाही?”

“केलंय ना! एका ओळीचा कोड. आमच्या सगळ्या साइटींवर टाकलाय.”

“शाब्बास! म्हणजे आता मराठीत नीट दिसणार?”

“नाही हो मामा. ट्रान्सलेट इक्वल्स नो.”


मी त्याला मिक्सर दुरुस्तीला पाठवायचं ठरवलं आहे.