श्री. ग्रुपबाय यांस अनावृत पत्र

श्री. ग्रुपबायसाहेब,
मु. पो. पांडाज, तालुका पायथॉन.

सा. न. वि. वि.

देशभरच्या कंपन्यांच्या नोंदणीची फाईल राज्यवार गट पाडण्यासाठी आपल्या चरणी ठेवली आणि डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच राज्यवार तक्ता हाती आला. अशी तत्परता सरकारी खिडकीवर कधी पाहिली नव्हती. तिथे निदान 'कागद अपुरे आहेत' असं खेकसतात तरी.

आपण खेकसतही नाही, केवढी ही ऋजुता! राज्याचा रकाना रिकामा दिसला की ती कंपनीच आपण गुपचूप वगळता. ना एरर, ना वॉर्निंग. 'ड्रॉपएनए' हा पर्याय फॉल्स करून पाया पडलं तर अशा अनाथांना आपण ओसरीवर जागा देता. हे औदार्यही पांडाजच्या 2020 सालच्या 1.1 आवृत्तीपासूनचं. त्याआधी काय होत होतं, हे विचारण्याचा उद्धटपणा आम्ही करणार नाही.

वास्तविक पत्ता त्याच ओळीत असतो. कंपनीच्या सीआयएन या 21 अक्षरी ओळख क्रमांकातली सातवं-आठवं ही दोन अक्षरं म्हणजे राज्य : 'एमएच' महाराष्ट्र, 'जीए' गोवा. पण शेजारच्या रकान्यात डोकावणं आपल्यासारख्या खानदानी फंक्शनला कसं शोभेल?

महाराष्ट्रावर तर आपला भारी जीव. 1960 मध्ये आम्हाला एकच मिळाला, आपण तीन दिलेत. नावाआधी चुकून स्पेस पडलेला महाराष्ट्र अंदमानच्याही वर, मोठ्या 'एम'चा मध्य प्रदेशाशेजारी आणि लहान 'एम'चा थेट पश्चिम बंगालच्या खाली. संयुक्त महाराष्ट्रासाठी माणसांनी गोळ्या झेलल्या. विभक्त महाराष्ट्राला एक स्पेस पुरली.

ओरिसाचं 2011 मध्ये ओडिशा झालं म्हणतात. आपल्या दरबारी दोघंही सुखाने नांदतात.

आणि मोजणी! 'साइझ' म्हटलं की ओळी मोजता, 'काउंट' म्हटलं की रकान्यागणिक भरलेल्या चौकटी. ज्याला जो आकडा सोयीचा, तो त्याने उचलावा. सरकारने नोंदवहीतून काढून टाकलेल्या कंपन्याही आपण जिवंतांबरोबर पंगतीला बसवता. 2017-18 या एकाच वर्षात अशा दोन लाखांहून अधिक होत्या. आपल्या हिशेबात मरण नाही.

एकच विनंती. वगळलेल्यांचा नुसता आकडा तरी तक्त्याखाली टाकत जा. नावं नकोत, आपल्याला त्रास नको.

आपला कृपाभिलाषी,
एक कारकून

ता. क. वाचकहो, राज्यवार तक्ता छापून आलेला दिसला, तर सगळ्या राज्यांची बेरीज मूळ फाईलच्या ओळींइतकी भरते का, एवढं छापणाऱ्याला विचारा.