जीर्णोद्धारी पुतण्या

नांदूरघाटात हा प्राणी दिवाळीला आणि लग्नसराईत दिसतो. नोकरी पुण्याला, सातबारा केज तालुक्यात आणि जीव सगळा डेन्मार्कात. घरी आला की काका-काकूंच्या आधी तो ओसरीवरच्या खुर्चीचे पाय धरतो. तिला पालथी करतो, नखानं रंग खरवडतो आणि ओरडतो, "काका, साग आहे! मिड-सेंच्युरी डॅनिश!"

"आरं, जुनं माळवद उतरवलं तवा निघालेल्या तुळईची हाय ती. सुतारमामाच्या बापानं केली."

"स्टाईल डॅनिश आहे." पुतण्या हार मानत नाही. डेन्मार्कात साग उगवत नाही, तिकडचे कारागीर तो आग्नेय आशियातून मागवत, हेही तोच सांगतो. सुतारमामा म्हणतात, "मंग नक्कल कुणी कुणाची केली?"

दाखले त्याच्या जिभेवर असतात. हान्स वेग्नर या डॅनिश कारागिरानं 1949 साली गोल पाठीची एक खुर्ची घडवली. 1960 मध्ये टीव्हीवरच्या वादात केनेडी आणि निक्सन दोघंही तिच्यावर बसले. निवडणुकीचा विषय निघाला की बीड जिल्ह्यातला पार सावरून बसतो.

"निवडून कोण आलं?"

"केनेडी."

"अन् पडला तो कशावर बसला हुता?"

"तसल्याच खुर्चीवर."

"मंग खुर्चीचा काय गुण?"

चंदीगडची गोष्ट मात्र पाराला पटते. पिएर जाँनरे यांनी तिथल्या सरकारी कचेऱ्यांसाठी आखलेल्या सागवानी, वेत विणलेल्या खुर्च्या भंगारात निघाल्या आणि परदेशी लिलावांत लाखांनी गेल्या. तेव्हापासून पुतण्या ग्रामपंचायतीसमोरून चालला की शिपाई अडगळीच्या खोलीला कुलूप घालतो.

काम मात्र तो जीव लावून करतो. काचपेपरखाली घरचा इतिहास उलगडत जातो: वर गेल्या दिवाळीचा हिरवा, त्याखाली दाराचा निळा, त्याखाली पोळ्याला शिंगं रंगवून उरलेला लाल. सैल सांधे सुतारमामा मुकाट्यानं बसवून देतात. मग स्पिरिटमध्ये भिजवलेल्या चपड्याचं पॉलिश चढतं, सागाच्या रेघा वर येतात आणि खुर्ची अशी देखणी दिसते की सुतारमामाही बापाच्या कामावरून दोनदा हात फिरवतात.

इथवर सगळं गोड. पुढं काका सवयीनं चहाचा ग्लास घेऊन बसायला जातात आणि पुतण्या आडवा पडतो. "काका, डाग पडेल!" हातावर पानाचा डबा नको, पाठीवर ओला पंचा नको, नातवंडं तर ओसरीवरच नकोत. फोटो काढून तो पुण्याला जातो. खुर्ची चादरीखाली, काका प्लास्टिकच्या खुर्चीत.

तेव्हा मंडळी, तुमच्या ओसरीवर अशी खुर्ची असेल आणि तिच्यावर बसायचा तुमचा विचार असेल, तर लग्नसराईच्या आधी तिला ऑइल पेंटचा आणखी एक हात मारून घ्या.