कौल उजवाच

आमच्या बांद्याकडे देवाला कौल लावायचा तो चारचौघांसमोर. गुरव पाषाणाला ओल्या पाकळ्या चिकटवतो. उजवी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग मानकऱ्याचंही काही चालत नाही.

गोव्याच्या सीमेवरचा पत्रादेवीचा नाका ओलांडला की पद्धत सुधारते. जानेवारी २०२२ मध्ये गोव्यातल्या काँग्रेस उमेदवारांनी देऊळ, क्रूस आणि दर्गा अशा तिन्ही ठिकाणी पक्ष न सोडण्याच्या शपथा घेतल्या. सप्टेंबरात ११ पैकी ८ आमदार भाजपवासी झाले. त्यांच्यातल्याच दिगंबर कामतांनी खुलासा केला की, त्यांनी देवाला विचारलं होतं आणि देव म्हणाला, तुला बरं वाटेल ते कर. पक्षांतरबंदी कायदाही देवाला पाठ असावा: दोन-तृतीयांशाला ८ लागतात, बरोब्बर ८ च गेले.

म्हणून राजकारणी प्रामाणिक नसतातच, असं मात्र म्हणू नये. मधु दंडवते आमच्याच राजापूर मतदारसंघातून ५ वेळा खासदार झाले, रेल्वेमंत्री, अर्थमंत्री झाले. त्यांना शपथेसाठी कुणी देवळात नेलं नव्हतं. १९९१ मध्ये आपणच त्यांना पाडलं. चांगली माणसं राजकारणात येत नाहीत, ही तक्रार आपण अजून करतो, आणि तीही अगदी प्रामाणिकपणे.