गाडीच्या पोटाची आगोट

मे सरत आला की रत्नागिरीकडे आगोटीची कामं निघतात. कौलं चाळून होतात, लाकूडफाटा पडवीत येतो, आमसुलं आणि सुकी मासळी डब्यांत बंद होते. अलीकडे या कामांत एकाची भर पडली आहे : गाडीला खालून कोटिंग मारून घेणं.

हा खर्च मोठा निःस्वार्थी म्हणायला हवा. नव्या सीट कव्हरचं कौतुक पाहुणा दार उघडताच करतो. कोटिंग दाखवायचं तर पाहुण्याला अंगणात उताणं झोपवून मुंडकं गाडीखाली सरकवावं लागेल आणि एवढा जवळचा पाहुणा आपल्याकडे सहसा नसतो. सेकंडहँड गाडी बघायला आलेला पुणेकर मात्र आधी खाली वाकतो. एरवी तो कुठे फारसा वाकत नाही.

गाडी लिफ्टवर चढली की तिचं खासगी आयुष्य उघडं पडतं. सायलेन्सरला वितळून चिकटलेली प्लास्टिकची पिशवी, कुठल्याशा लग्नाला गेलो होतो तिथली हिरवळ आणि चाकांवरच्या कमानींत, प्लास्टिकच्या अस्तरामागे, चार वाफे होतील एवढी जांभ्याची तांबडी माती. ही माती पाणी धरून ठेवते. वर ऊन पडून रस्ता कोरडा झाला तरी त्या कोपऱ्यात आपला श्रावण चालूच.

लोखंडाला गंजायला पाणी आणि हवा पुरते. मिठाचं पाणी वीज चांगली वाहून नेतं, त्यामुळे गंज आणखी घाई करतो. आमच्याकडे वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस, आणि उरलेल्या महिन्यांत समुद्रावरचा खारा वारा. दाभोळहून धोपाव्याला फेरीबोटीत गाडी घालावी तर खाली खाडी. रस्त्यानं जावं तर पुढे मासळीचा टेम्पो, मिठाचं पाणी गाळत चाललेला. शिवाय फोटोसाठी थेट लाटांत गाडी घालणारे पर्यटक आहेतच. त्यांची गाडी ओढायला ट्रॅक्टर येतो, मीठ काढायला कुणी येत नाही.

आजच्या गाड्या तशा पूर्वीइतक्या नाजूक राहिलेल्या नाहीत. कारखान्यात अख्खा सांगाडा प्रायमरच्या टाकीत बुडवतात आणि विजेच्या जोरावर तो थर पत्र्याच्या कानाकोपऱ्यात बसवतात. बऱ्याच पत्र्यांना जस्ताचा मुलामाही असतो. आमच्या एका नातेवाइकांच्या फियाटमध्ये मागे बसणाऱ्याला पायाखालचा रस्ता दिसायचा. ते दिवस गेले. तरी शोरूममधला तरुण इन्शुरन्सच्या कागदांबरोबर कोटिंगचाही कागद हळूच पुढे सरकवतो आणि 'लाइफटाइम आहे सर' म्हणतो. लाइफ गाडीचं, आपलं की त्याच्या त्या नोकरीचं, हे विचारायचं राहून जातं.

आमचा मेस्त्री अशी भाषा करत नाही. त्याचे वडील होडीवाले. जून-जुलैच्या मासेमारीबंदीत होड्या वर ओढायच्या, बुडाला चिकटलेले शंख-शिंपले खरवडायचे, लाकूड सुकू द्यायचं आणि मग काजूच्या टरफलांचं तेल चोपडायचं, हे त्यानं लहानपणी केलेलं. त्यामुळे गाडी आली की तो आधी प्रेशरनं धुतो, अस्तरं काढतो, तारेच्या ब्रशनं गंज घासतो आणि गाडी रात्रभर तशीच ठेवतो. गिऱ्हाईक घाईला येतं. 'दोन तासांत मारून दे ना, खाली कोण बघतंय?'

'काका, न खरवडता तेल लावलं तर होडीला किनाऱ्यावर काय कळत नाय. कळतं ते भर समुद्रात.'

त्याचं खरं आहे. डांबराचा थर काही वर्षांनी कडक होऊन तडकतो. फटीतून पाणी आत शिरतं, पण बाहेर यायची वाट त्याला सापडत नाही, आणि वरून काळ्याभोर दिसणाऱ्या थराखाली गंज भाडं न देता सुखानं राहतो. मेणाचा थर मऊ राहतो, फटींत सरकतो, पण तो धुपतो. पुन्हा लावावा लागतो. गिऱ्हाइकांना डांबर आवडतं, कारण पैसे काळ्या रंगाचे दिले आहेत अशी त्यांची समजूत असते.

फवारा मारणं हा त्यातला सगळ्यात सोपा भाग. तरी मेस्त्रीचा आरडाओरडा तेव्हाच सुरू होतो, कारण बंदूक पोऱ्याच्या हातात असते आणि पोऱ्याला समोर दिसेल ते काळं करायचं असतं. सायलेन्सरवर पडलं तर पहिल्याच चढाला गाडी धुरानं भरेल. ब्रेकच्या डिस्कवर पडलं तर काय होईल ते बोलायलाच नको. दरवाजांच्या खालच्या कडांना पाणी निथळायला बारीक भोकं असतात. ती बुजली तर दरवाजात पाण्याची टाकी तयार होते, आणि तीही पैसे मोजून.

दुसऱ्या दिवशी मालक येतो, मोबाईलचा टॉर्च लावून वाकतो, काहीही न समजता समाधानानं मान हलवतो. मेस्त्री पैसे खिशात घालत सांगतो, 'गणपती झाले की आणा, खालून पाणी मारून चिखल काढून देतो. त्याचे पैसे नाय घेत.'

या फुकटच्या कामाला, तो म्हणतो, अजून कुणी नंबर लावलेला नाही.